वरवंड ते पाटस, एक पान

बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीची नोकरी एका इंग्रजी शब्दापायी जायची वेळ आली होती, त्याची ही गोष्ट. पण आधी मला इंग्रजी कुठून आलं ते सांगते, कारण आमच्या घरात अजून कुणाचा त्यावर विश्वास बसत नाही.

आम्ही दोघी केडगावच्या. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला. कंपनीची बस चौफुल्यावरून सुटली की बाकीच्या बाया झोपतात नाहीतर मोबाईल बघतात, मी इंग्रजी पुस्तक काढते. शाळेत मला इंग्रजीचा असा राग होता, की बारावी झाल्यावर सुटले बाई एकदाची, असं मोठ्यानं म्हटलं होतं. मग एकदा दौंडला रद्दीच्या दुकानात लेकीसाठी गाइड शोधताना एक रहस्यकथा हाताला लागली. मुखपृष्ठ गायब. उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं. अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. पण माणूस मेलाय एवढं कळलं, आणि मग कुणी मारलं ते कळल्याशिवाय चैन पडेना.

सुरुवातीला वाटेतल्या वरवंड ते पाटस ह्या दोन गावांमध्ये जेमतेम एक पान व्हायचं. प्रत्येक शब्दाला मोबाईलमध्ये अर्थ बघायचा, तोवर इकडं गोष्ट थंड. एक दिवस वैतागून ती डिक्शनरीच काढून टाकली. म्हटलं, जा, नाही कळलास तर नाही कळलास! शब्द अडला की सोडून पुढं जायचं. तो पुन्हा भेटतोच. दोनदा भेटला की ओळखीचा वाटतो, चौथ्या-पाचव्यांदा त्याचा स्वभाव कळतो. ‘रिलक्टंट’ मला असाच कळला. त्या गोष्टीतली एक म्हातारी दर वेळी दार उघडताना रिलक्टंट असायची. कुणी अर्थ सांगितला नाही, पण दाराला अडून उभी राहिलेली ती नाखूश बाई मला स्पष्ट दिसली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

मैत्रिणीला वाचायचा कंटाळा, ऐकायची मात्र भारी हौस. “पाटस आलं की गं बया, पान काय उलटंना तुझं. म्होरं काय झालं ते तरी सांग.” मग मी सांगायची. त्या गोष्टीत सगळं घोडं एका खिडकीवर अडलं होतं. नोकरानं ती विसरून उघडी ठेवली, की ‘डेलिबरेटली’? म्हणजे मुद्दाम, जाणूनबुजून. पानोपानी तोच शब्द. मुद्दाम ठेवली असं ठरलं, तर नोकर फासावर. आम्ही दोघी आठवडाभर त्या खिडकीवरून भांडलो.

आणि मागच्या वर्षी तिच्या हातून चूक झाली. नवी बॅच सुरू करायच्या आधी जुन्या बॅचची उरलेली लेबलं टेबलावरून काढायची असतात. तिची थोडी राहिली. दहा मिनिटांत तिलाच दिसली, तिनंच जाऊन सांगितलं, चुकीच्या लेबलाचा माल बाहेर गेला नाही. तरी रिपोर्ट होणारच, नियमच आहे. तिला पर्मनंट व्हायला तीन महिने राहिले होते, आणि दोन पोरींचं सगळं तिच्याच पगारावर.

सुपरवायझर सरांनी रिपोर्ट टाइप करून आणला आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. आमच्यात कागद वाचायची पद्धत नाही. बोट दाखवलं की सही. इंग्रजीतला कागद, कोण वाचत बसतंय? तिनं पेन टेकवलंसुद्धा. मी मागून सहज डोकावले आणि मला ‘डेलिबरेटली’ दिसला.

“थांब!” मी ओरडलेच. “सही करू नको. खिडकीवाला शब्द हाय ह्याच्यात.”

तिचा चेहरा उतरला. “मुद्दाम? म्या मुद्दाम ठिवली व्हय लेबलं?”

सर गडबडले. “ताई, तो शब्द असतोच रिपोर्टमध्ये. मी मागच्या फाइलमधून घेतलाय.”

“त्याचा अर्थ म्हाईत हाय का तुम्हाला, सर?” मी विचारलं. “ह्या शब्दावर माणूस घरी जातंय!”

माझा राग कायम नाकावर असतो, पण सरांचं उतरलेलं तोंड बघून माझाच राग गेला. त्यांनाही कुणी कधी वाचायला लावलं नव्हतं. मी म्हटलं, “‘इनॲडव्हर्टंटली’ घाला. नजरचुकीनं.” त्याच खिडकीच्या पानांवर हाही शब्द मला भेटला होता. त्यांनी मला स्पेलिंग विचारलं. मी कागदावर लिहून दिलं, एका दमात, न अडखळता. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू. मागच्या फाइलवर कुणाची सही होती आणि त्याचं पुढं काय झालं, ते मात्र मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तिला नुसती समज मिळाली, आणि तीन महिन्यांनी ती पर्मनंट झाली. पेढे वाटले तिनं. पण मला त्याहून जास्त आठवते ती रिपोर्टच्या दिवसाची दुपार. नवा कागद येईपर्यंत आमची शिफ्ट सुटली होती, खाली बस हॉर्न मारत होती. सरांनी सवयीनं पुन्हा सहीच्या जागी बोट ठेवलं.

“बोट काढा, सर,” ती म्हणाली. “वाचू द्या मला.”

आणि खुर्ची ओढून, अक्षराला अक्षर जोडत, ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. खाली बस निघून गेल्याचा आवाज आला तेव्हा ती तिसऱ्या ओळीवर होती.