कुंपणाकडची जागा

पाळकसाहेब गेल्याची बातमी मला गार्डसाहेबांनी आणून दिली. सकाळची शाळा नुकतीच सुटली होती आणि मी फाटकाला कुलूप लावत होतो. गार्डसाहेब म्हणजे पूर्णेच्या ख्रिस्ती मंडळीचे मुख्य पंच. रेल्वेत गार्ड, म्हणून अख्खं गाव त्यांना याच नावानं ओळखतं. परभणीहून गाडी घेऊन आलेले ते तसेच शाळेकडे आले होते, अंगावरचा पांढरा कोटही उतरवला नव्हता. "गुरुजी, पाळकसाहेब गेले. परभणीला, दवाखान्यात. सांजच्याला इकडंच आणायलेत त्यांना." एवढं सांगून ते थांबले. मग टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "पण ठेवायचं कुठं...?" पूर्णेच्या ख्रिस्ती कब्रस्तानात जागेची टंचाई नाही. रेल्वेच्या रुळांना लागून तारेचं कुंपण आहे, तिकडचा भाग तर रिकामाच पडलेला असतो. तरीही त्यांनी हे का विचारलं ते मला कळलं होतं. वाचकांना कळावं म्हणून थोडं मागे जावं लागेल.

रेव्हरंड शांतवन उबाळे पूर्णेला पाळक म्हणून आले तेव्हा मी इथल्या शाळेत मास्तर होतोच. मी देव मानत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात त्या विषयाला रजाच आहे. पाळकसाहेब शाळेत यायचे ते पेपर वाचायला. मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात चहा घ्यायचो आणि वाद घालायचो. बोलण्यात ते कच्चे होते, बहुतेक वेळा हरायचे, आणि हरले की मोठ्यानं हसायचे. एकदा मी त्यांना मुद्दाम डिवचलं, "सगळ्यांना बोलावता, मला नाही कधी बोलावत तुमच्या कळपात?" ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वडिलांनी एकदा घर बदललंय. त्या घराला तुमी अजून चुना लावायलाव. मी कशाला मधे पाय घालू?" हा माणूस आपल्याला आवडतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

चांगला धर्मोपदेशक कसा असावा याबद्दल त्यांच्या मंडळीच्या काही ठाम कल्पना होत्या आणि पाळकसाहेब त्यातल्या फारच थोड्या पुऱ्या करायचे. आवाज बारीक. उपदेश आखूड, गार्डसाहेब म्हणायचे की बसायला चटई झटकावी तोवर यांचं आमेन होतं. गाणं सुरू करायचे ते वरच्या पट्टीत, आणि मग मंडळीला ते ओढून खाली आणावं लागायचं. त्यांचं खरं काम चालायचं ते चर्चच्या बाहेर, सायकलवर. कॅरियरला पवित्र शास्त्र आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा बांधलेला असायचा. डब्यात वस्तरा, ब्रश, साबणाची वडी आणि तुरटीचा खडा. कुणी अंथरुणाला खिळलं की ते जाऊन आधी त्याची दाढी करायचे. आजूबाजूच्या खेड्यांत न्हावी सगळ्यांच्याच हनुवटीला हात लावत नसे, हे इकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. धडधाकट माणूस कुठंतरी जाऊन सोय करून घेई. आजारी पडला की खुंट वाढवून पडून राही. पाळकसाहेब खाटेशी बसून सावकाश दाढी करत, गालावरून तुरटी फिरवत, आणि मगच डोळे मिटून प्रार्थना म्हणत. माणूस ख्रिस्ती असो की नसो. गार्डसाहेबांना हे मुळीच पसंत नव्हतं. "साहेब, पाळकानं वस्तरा धरावा हे काई शोभत न्हाई," असं त्यांनी माझ्यासमोर सुनावलं होतं. पाळकसाहेब वस्तरा चामड्यावर फिरवत म्हणाले, "दाढी वाढलेला माणूस पाहुण्यापुढं यायला लाजतो, गार्डसाहेब. मग देवापुढं कसा जाईल?"

मग तो दुष्काळ आला. मंडळीकडे वरून मदतीची पोती येऊ लागली, तांबडी ज्वारी आणि दुधाची भुकटी. चर्चपुढे रांग लागायची, आणि रांगेत असे बरेच चेहरे दिसू लागले ज्यांना अचानक येशूची ओढ लागली होती. पाळकसाहेबांनी पहिल्याच रविवारी जाहीर केलं की ज्वारी सगळ्यांना मिळेल, पण ज्वारी वाटणं चालू आहे तोवर बाप्तिस्मा कुणालाही मिळणार नाही. पुढे त्यांच्या वरचे कुणी साहेब तपासणीला आले. यंदा नवीन माणसं का नाहीत, असं त्यांनी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, "साहेब, यंदा दुष्काळ आहे." हे उत्तर ऐकून साहेबांचं तोंड कसं झालं ते गार्डसाहेबांनीच मला नक्कल करून दाखवलं होतं.

या नियमात एकच माणूस अडकला. त्याचं नाव गंगाराम. मूळचा झरीकडचा, रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून तो उपासनेला यायचा आणि चपला काढतात तिथं, दाराशी उभा राहायचा. कशासाठी यायचा कुणास ठाऊक... मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तितं बरं वाटतंय, गुरुजी." नियम जाहीर झाला तसं त्यानं मंडळीची ज्वारी घेणं बंद केलं, निदान आपल्यावर तरी कुणी बोट ठेवू नये म्हणून. त्याची बायको कौसाबाई संतापली. "देव मागून घ्या, आधी ज्वारी आना!" असा तिचा आवाज वस्तीभर ऐकू गेला. त्यातच गंगाराम छातीच्या दुखण्यानं पडला, काम सुटलं. पाळकसाहेब डबा घेऊन त्याच्याकडे जाऊ लागले. एकदा मीही बरोबर होतो. वाटीतल्या पाण्यानं ते गाल भिजवत होते तेव्हा गंगाराम हसून म्हणाला, "साहेब, दाढीला पानी लावायलाव, त्यातलंच जरा वर टाळूवर टाका की. काय बिघडतंय?" पाळकसाहेबही हसले. म्हणाले, "पाऊस पडू दे. पोती संपू दे. मंडळीपुढं उभा करून टाकतो. कुणी म्हणता कामा नये की गंगाराम ज्वारीवर आला." परतताना मी त्यांना टोकलं. म्हटलं, तुमच्या सगळ्या रांगेत हा एकटा खरा दिसतो मला, आणि तुम्ही त्यालाच ताटकळत ठेवलंय. ते सायकल हातात धरून चालत होते. "खरा आहे म्हणूनच थांबायलाय तो," एवढंच ते बोलले.

पाऊस पडला. पोती संपली. गंगारामलाही उतार पडला, काठी टेकत स्टेशनापर्यंत येऊ लागला. येत्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा ठरला. कौसाबाईचा रागही तोवर निवला होता. तिनं त्याचं धोतर नीळ घालून धुऊन ठेवलं. आणि शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता गंगाराम गेला.

त्याचे भाऊ झरीकडून आले, पण घरात शिरले नाहीत. त्यांच्यात माणूस पुरतात, गावाकडे जागाही होती. थोरल्यानं लांबूनच सांगितलं, "तो तिकडचा झालता. तिकडच्यांनी बघावं." तिकडचे म्हणजे मंडळी, आणि मंडळीचा नियम असा की बाप्तिस्मा न झालेल्याला कब्रस्तानात जागा नाही. घरात प्रेत आणि ते न्यायला कुठं जागा नाही, अशी वेळ आली. पंच चर्चच्या ओट्यावर जमले. कौसाबाईला घेऊन मीही गेलो होतो. ती लिंबाखाली तोंडाला पदर लावून बसली होती, सगळं ऐकत. गार्डसाहेब नियमाचे कडक, पण वाईट माणूस नव्हे. त्यांनीच वाट काढली. "साहेब, तुमी त्याच्याकडं सारखं जात होता. पानी होतं, वाटी होती, तुमी होता. तुमी निस्तं 'दिला' म्हना. आमी कुनी इचारनार न्हाई." बाकीच्या पंचांनी माना हलवल्या. मला स्वतःला तर ही वाट फारच सोपी आणि शहाणपणाची वाटली. एका शब्दाचं तर काम होतं, आणि तो शब्द खोटा ठरवायला गंगाराम उठून येणार नव्हता.

पाळकसाहेब म्हणाले, "नाही दिला. द्यायला पाहिजे होता. नियम मी लोभी माणसांसाठी केला आणि लावला याला. चूक माझी आहे. पण दिला नाही." मग त्यांनी गार्डसाहेबांकडे वळून विचारलं, "मार्थाच्या शेजारची जागा मंडळीनं माझ्यासाठी ठेवलीय ना?" मार्था ही त्यांची बायको. ती पूर्णेला आल्यावर लवकरच वारली होती. तिच्या कबरीला लागून एका माणसापुरती जागा विटा रोवून राखलेली होती, आणि दर महिन्याला पाळकसाहेब तिथलं गवत स्वतः काढायचे. गार्डसाहेब म्हणाले, "ती तुमचीच हाय." "माझी असेल तर ती मी गंगारामला दिली," पाळकसाहेब म्हणाले. या गोष्टीसाठी पंचांकडे कुठला नियम नव्हता, त्यामुळे ते कबूल झाले. नंतर ते गंगारामच्या घरी गेले, डबा उघडला आणि त्याची दाढी केली. वाटीत पाणी होतं. आता कोण अडवणार होतं? पण त्यांनी ते गालापलीकडे कुठं लावलं नाही. पाहताना मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा रागही आला.

तो राग मी त्यांना बोलून दाखवला. म्हटलं, एक शब्द बोलला असता तर गंगारामलाही जागा मिळाली असती आणि तुमचीही राहिली असती. ते म्हणाले, "गुरुजी, दर रविवारी मी याच तोंडानं उभा राहतो. दुसरं तोंड न्हाई माझ्याकडं." या उत्तराशी मी आजही पूर्ण सहमत नाही. पण वादात ते जिंकले असं वाटण्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

पुढे ते निवृत्त झाले आणि परभणीला स्टेशनजवळ एका खोलीत राहू लागले. शेवटची भेट तिथल्या सरकारी दवाखान्यात झाली. दाढी वाढली होती, वस्तरा धरवत नव्हता. खाटेखालचा डबा त्यांनी पायानं माझ्याकडे सरकवला. मी दुसऱ्याची दाढी कधी केली नव्हती. दोन ठिकाणी कापलं. तुरटी फिरवली तसं चरचरलं आणि ते हसले. "दाढी तुमी केली, आता प्रार्थना माझ्याकडं लागली," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि माझ्यासाठी, माझ्या शाळेसाठी, माझ्या म्हशीसाठीसुद्धा प्रार्थना केली. निघताना म्हणाले, "डबा न्या. इथं गंजायलाय."

तर, गार्डसाहेबांचा तो प्रश्न. संध्याकाळी पाळकसाहेबांना आणलं तेव्हा कौसाबाई सगळ्यांच्या आधी कब्रस्तानाच्या फाटकाशी येऊन उभी होती. ती गार्डसाहेबांना म्हणाली, "आमच्या मानसाला हलवा तितून. साहेबाची जागा साहेबाला द्या. बाई एकली पडलीय त्यांची." हे बोलताना ती रडत नव्हती, ठरवून आली होती. गार्डसाहेबांनी हात जोडले. म्हणाले, "बाई, ती दिलेली जागा हाय. साहेबांनी दिलेलं परत घ्यायचं आमच्या हातात न्हाई." आणि पाळकसाहेबांना कुंपणाकडे, रुळांच्या बाजूला, पुरलं. माती देताना मालगाडी चालली होती, त्यामुळे प्रार्थनेतलं काही ऐकू आलं नाही. मार्थाबाई तिकडे, हे इकडे, आणि मधे सगळं कब्रस्तान. मी देव मानत नसलो तरी ते अंतर मला पाहवलं नाही.

गेल्या आठवड्यात गार्डसाहेबांनी मला बोलावणं पाठवलं. जिन्यावरून पडून त्यांचा पाय मोडला आहे, प्लास्टर आहे. दाढी चांगलीच वाढली होती. मला पाहून जरा ओशाळले आणि म्हणाले, "गुरुजी, न्हावी येईल घरी, पन... तो डबा तुमच्याकडंच हाय ना?" मी घरी जाऊन डबा घेऊन आलो. या खेपेला कापलं नाही. अर्धा गाल झाल्यावर ते म्हणाले, "पंचांला सांगून ठेवलंय मी. पुढच्या ओळीत आमच्या घरची जागा हाय ती राहू द्या. मला तिकडं कुंपनाकडं ठेवा, साहेबांच्या शेजारी." मी दुसरा गाल भिजवला. शेवटी तुरटी फिरवली. तशी त्यांनी सवयीनं डोळे मिटले, हात जोडले आणि वाट पाहू लागले. मला प्रार्थना येत नाही. खडा हातात तसाच ओला धरून मी त्यांच्या खाटेशी बसून राहिलो, ते आपणहून डोळे उघडेपर्यंत.