मॅडमचा डोळे मिटलेला तास

रुकैया मॅडम गेल्याचा त्यांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी भावाच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरत होते. हातातलं फळ तसंच खाली ठेवलं. रत्नागिरीच्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, मी मराठी. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही, हे आधीच सांगून टाकते.

आठवीच्या वर्गात त्या हापूस घेऊन जायच्या. लांबून दाखवला की मुलांनी म्हणायचं, ‘इट लुक्स राइप’. हुंगला की ‘इट स्मेल्स स्वीट’, दाबला की ‘इट फील्स सॉफ्ट’. पण ‘इट इज स्वीट’ चाखल्याशिवाय म्हणायची बंदी! "आतून साका निघाला, गर नासका असला, तर खोटा पडशील," म्हणायच्या. कुणी ‘स्मेल्स स्वीटली’ म्हटलं की हसत सुटायच्या. "स्वीटली म्हणजे गोडपणे! आंबा काय नाक लावून हुंगतोय? तो नुसता आहे रे. हुंगतोयस तू!"

पुढे मधुमेहानं त्यांची नजर गेली. फळा दिसेना, वह्या दिसेनात. मुख्याध्यापकांनी समजुतीच्या सुरात राजीनाम्याचा विषय काढला. मॅडम म्हणाल्या, "माझा एक तास बघा, मग काय ते ठरवा." त्या तासाला मुख्याध्यापकांबरोबर मीही मागच्या बाकावर बसले होते. शिकवणं सुटलं तर ही बाई जगणार कशी?

मॅडमनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि एकेक वस्तू हातोहात फिरवली. जांभा दगड... ‘फील्स रफ’. सुका बांगडा... ‘स्मेल्स स्ट्राँग’, आणि हशा. पालीहून एसटीनं येणारी, कधीच तोंड न उघडणारी नसीम मोठ्यानं म्हणाली, ‘टेस्ट्स सावर!’ मी हळूच डोळे उघडले, तर मुख्याध्यापकही डोळे मिटून आमसूल चोखत होते. अख्खा वर्ग अंधारात होता आणि ती आंधळी बाई त्याला बोट धरून चालवत होती. राजीनाम्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्या जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला गेले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी आवाजात उसना आनंद आणून म्हटलं, "मॅडम, छान दिसताय हं आज!" त्यांनी हात लांबवून माझा चेहरा चाचपला. "सुनीता, हसत्येस खरी... पण गाल ओले लागतायत गो." मग मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले, आणि त्याच मला थोपटत राहिल्या.

आता आजाऱ्याला भेटायला गेले की मी आधी काही बोलत नाही. त्याचा हात हातात घेते.