चिंगीचं माहेरपण

लव्हबर्डनं कागद कातरला की तिच्या चोचीवर टिचकी मारता, आणि पिंजऱ्यात अंधारं मडकंही तुम्हीच टांगता. मग चूक कुणाची? उत्तराची घाई करू नका. आधी पाथरीच्या सुमंगलाकाकूंचं ऐका.

काकूंचे यजमान अप्पाराव भिक्षुकी करतात. काकूंचं नाव मात्र बाळंतिणींसाठी. गल्लीत कुणाची लेक माहेरी आली की बोलावणं यांनाच. अंग चोळणं, शेक, डिंकाचे लाडू, सगळं यांच्या हातचं. स्वतःची लेक स्वरदा मात्र बाळंतपणाला पुण्याहून आलीच नाही. "आई, इथं दवाखाना जवळ आहे," एवढंच म्हणाली. घरात लव्हबर्डची जोडी होती. त्यातल्या मादीचं, चिंगीचं, माहेरपण सुरू झालं.

पिंजऱ्यात मडकं टांगलं, त्याला हळदकुंकू लावलं. मोड आलेली मटकी, वर लाडवाचा चुरा. चिंगी घरभर मोकळी. कागदाच्या पट्ट्या कातरायची, पाठीमागच्या पिसांत खोवायची आणि मडक्यात नेऊन रचायची.

"तुमची बाळंतीण माझी एकादशी शेपटीत खोवून फिरायलीय!" अप्पाराव फाटकं पंचांग नाचवत ओरडले. "लोकांना मुहूर्त काय मडक्यात बघून सांगू?"

"तिचे दिवस भरत आलेत. आवाज चढवू नका," काकू म्हणाल्या.

अंडी व्हायची, त्यातून पिल्लं निघायची नाहीत, की लगेच पुन्हा नवी. पाखराच्या अंगातलं सगळं सत्त्व त्यात चाललेलं. एका सकाळी चिंगी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसली. शेपटी वरखाली. अंडं अडकलं होतं.

काकूंनी मला फोन लावला. मी सुकेशनी, परभणीत पाखरांसाठी भांडते. शाळा अर्धवट सुटली. शिकले ते पाखरं मरताना बघून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून.

"तेल लावून पोट चोळू का गं?"

"हात लावाल तर याद राखा! आत अंडं फुटलं तर गेली ती. उबदार फडक्यात गुंडाळा, जीप पकडा, निघा."

परभणीच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, अंडं सुटलं. "पुढच्या खेपेला पाखरू वाचायचं नाही," ते म्हणाले. काकूंचा चेहरा उतरला.

चिंगी सावरल्यावर मी पाथरी गाठली आणि रिकामं मडकं बाहेर काढलं.

"बाळंतिणीची खोली काढून घ्यायलीस?"

"काकू, अंधारी जागा अन् खुराक दिसला की ती अंड्यावर येते. तुम्हीच तिला बाळंतीण करायलाव!"

कपाटामागची अंधारी फट बुजवली. कागद उचलले. कुरतडणं तर तिच्या रक्तातच हाय, ते सुटत नसतं. त्यासाठी खोवता येणार नाहीत अशा कडुलिंबाच्या जाड डहाळ्या बांधल्या. लाडू बंद. राळ्याचे दाणे, थोडा पाला आणि कॅल्शियमसाठी चोचायला समुद्रफेस. उजेड लांबला तरी ती अंड्यावर येते, म्हणून दिवेलागणीला पिंजऱ्यावर चादर.

मग चिंगी जी किंचाळायला लागली! मडक्याच्या जागी जाऊन गजांवर चोच आपटायची. अप्पाराव कानाला उपरणं गुंडाळून माडीवर गेले. शेजारच्या मालनबाई भिंतीवरून म्हणाल्या, "काय वो काकू, लेकराचं घर काढून घेतलं व्हय? पाप लागंल की." काकू उठायच्या, बसायच्या, मडकं हातात घेऊन पिंजऱ्यापाशी जायच्या, परत फिरायच्या. शेवटी मला फोन.

"तुझं काळीज दगडाचं आहे!"

"असू द्या. मडकं खाली ठेवा."

फोन आपटला. मी इकडं परभणीत येरझाऱ्या घालायले. दुसऱ्या दिवशी कळलं, काकूंनी ते मडकं अप्पारावांच्या हातात दिलं होतं. "फोडा. माझ्या हातून व्हायचं नाही." पंचांगासाठी एवढे बोंबललेले अप्पाराव ते धरून नुसते उभे राहिले. मग अंगणात जाऊन फोडलं.

चिंगी अजून मधूनच ओरडते. पण डहाळीची साल सोलताना गप्प असते, आणि अंडं नाही. काकू मात्र ती ओरडली की अजून जागेवरून उठतात.

म्हणून हात जोडून सांगते: तुमचं पाखरू मडक्यासाठी असं किंचाळलं, तर दया येऊन ते परत टांगू नका. त्याला डहाळी द्या, आणि तेवढं ओरडणं सोसा.