उरलेल्या जगाचा प्रश्न

हात खाकी पँटला पुसायचे, पुसलेले हात उलटसुलट पाहायचे आणि मग म्हणायचे, “सर, एक डाऊट आहे जी.” गोंदियाच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो आणि ते आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. दहावी नापास. पण मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी वीस वर्षं बारावी ऐकली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना चहा सांगतो.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास त्यांना एकाच गोष्टीनं धरलं होतं. विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ आणि प्रतिपदार्थ सारखेच तयार झाले, दोन्ही भेटले की दोन्ही नाहीसे, मागे नुसता प्रकाश, असं कुठल्याशा मासिकात वाचलेलं. “मंग हा टेबल काऊन उरला?” म्हणून टेबलावर थाप मारायचे. मी सांगितलं, सिद्धांतानुसार दोघांत बारीकसा फरक निघतो, म्हणून थोडा पदार्थ उरतो.

मग बाहेरगावचे एक शास्त्रज्ञ व्याख्यानाला आले. प्रश्न चिठ्ठीवर द्यायचे आणि मी वाचून दाखवायचे, ही आमची पद्धत. चहा देता देता यांनीही माझ्याकडे चिठ्ठी सरकवली : ‘सिद्धांतात निघते तेवढा फरक एवढ्या जगाले पुरते का?’ खाली नाव, नावापुढे ‘परिचर’.

मी नाव वाचलं नाही. पाहुणे खूश झाले, कोणाचा प्रश्न म्हणाले. मी नुसता हसलो. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, “मी कप धुऊन रायलो होतो जी. काय म्हनाले? पुरते का?” नावाबद्दल अवाक्षर नाही. आणि आज सांगतो, उत्तर मी ऐकलंच नव्हतं. टाळ्याच ऐकत होतो.

“पुरते,” मी म्हणालो.

खरं उत्तर मला पुढे एका पुस्तकात सापडलं. पुरत नाही. तो फरक फारच तोकडा पडतो. काहीतरी अजून कोणाला सापडायचंय. हे त्यांना सांगायला मला धीर झाला नाही. ते निवृत्त होऊन आपल्या गावी, सौंदडला गेले, तरी नाही.

शेवटी गेलो, तर ते वारून वर्ष झालं होतं. मुलीनं पाणी दिलं, जरा घुटमळली आणि एक वही आणली. कॉलेजातल्याच दिवसांतली. एका पानावर : ‘सर म्हनतात पुरते. मले नाही पटत.’ पुढे पानंच्या पानं शून्यं मांडून केलेली आकडेमोड.

“तुम्हाले दाखवू नको म्हनत बाबा,” ती म्हणाली. “सरले वाईट वाटन म्हने.”