झुंबरबाईंची पट्टी

वराळ्याच्या झुंबरबाईंनी विहंग डॉक्टरांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं काढली. झाडलोट करायची, नंबर पुकारायचे, रडणारी पोरं गप्प करायची. डॉक्टर त्यांना मावशी म्हणत. डॉक्टरांच्या मुलीच्या बारशाला पुरणाचा घाट मावशींनीच घातला होता.

त्या मंगळवारी सकाळी लादी पुसताना त्यांच्या जबड्यात कळ आली, मग पोटाच्या वर कुणी दगड ठेवल्यासारखं झालं. अंग घामानं निथळलं. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, त्याची पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "पट्टी छान आहे, मावशी. पित्त झालंय. गोळी घ्या, घरी जाऊन पडा."

झुंबरबाई उठल्याच नाहीत. गेल्याच महिन्यात सोसायटीतल्या एका साहेबांची पट्टी अशीच छान आली होती. तेव्हा याच डॉक्टरांनी त्यांना ॲस्पिरिन चघळायला लावलं, त्यांच्या बायकोला समजावलं, "पट्टीवर न दिसणारा हृदयाचा झटकाही असतो. रक्त तपासायलाच हवं." आणि स्वतःच्या गाडीतून त्यांना तळेगावला नेलं.

"डॉक्टर, माजं रगात न्हाई बगायचं?"

"अहो, तुम्हाला काय होतंय? तुम्ही माझ्यापेक्षा काटक!" डॉक्टर हसले. बाहेर बावीस पेशंट बसले होते.

घरी सून सवितानं सासूचा चेहरा पाहिला आणि थेट रिक्षा बोलावली. तळेगावच्या हॉस्पिटलातही पहिली पट्टी चांगलीच निघाली. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ॲस्पिरिन देऊन त्यांना ठेवून घेतलं, पट्टी पुन्हा काढली, रक्त तपासलं, तीन तासांनी परत तपासलं. हृदयाला इजा झाली की रक्तात जे वाढतं, ते चांगलंच वाढलं होतं. झटकाच होता. पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं, छातीला वायरी लावल्या. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत एक नस जवळजवळ बुजलेली दिसली. तिथं स्टेंट बसवला.

तिसऱ्या दिवशी विहंग डॉक्टर शहाळी घेऊन आले. "मावशी, पट्टी खरंच चांगली होती हो."

"त्या सायबांचीबी चांगलीच व्हती."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "त्या दिवशी गर्दी फार होती."

"मला ठाव हाय. नंबर मीच पुकारत व्हते."

झुंबरबाई भिंतीकडे वळल्या त्या, डॉक्टर जाईपर्यंत वळूनच राहिल्या. मग हमसून हमसून रडल्या. सविता घाबरली. "आत्या, नका ना रडू, मशीन वाजाय लागलंय."

"वाजू दे. एकुनीस वर्सं मावशी म्हनला गं मला."

दीड महिन्यानं दवाखान्यातली नवी पोरगी तेजल निरोप घेऊन आली. डॉक्टरांनी बोलावलंय, बसून करायचं काम देतो म्हणालेत.

"न्हाई येत म्हनावं," झुंबरबाई म्हणाल्या. तेजल निघाली तशी त्यांनी तिला दारातून हाक मारली. "आगं, ती रतनबाई येती ना बीपी दाखवाय, तिला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. उजव्या बाजूनं बोल."

आणि त्यांनी दार लोटून घेतलं.