वाळूत शिकवलेलं खलास

लेक शिकायला बर्फाच्या देशात निघाली, तेव्हा मला थंडीची नाही, तिच्या भिडस्तपणाची धास्ती होती. आखातातल्या अल वक्राच्या आमच्या घरात कुणाला सरळ ‘नाही’ म्हणताच येत नाही. नकाराला आमचा एकच शब्द, ‘बघू’. नवरा तर बघूचा बादशहा, आणि गाडीत बसला की नुसतं ‘यल्ला!’, म्हणजे चला! पोरगी बापावर गेलीय. फरक एवढाच, की ती इंग्रजीत बघू म्हणते.

सुट्टीत मित्रांबरोबर डोंगरात स्कीवर फिरणार, असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं. अडवून थांबली असती तर ती माझी मुलगी कसली! म्हटलं, जायचं तर शिकून जा. मी स्वतः बर्फ पाहिलाय तो मासळीखालचा. पण हिमस्खलनावरचे ऑनलाइन वर्ग जिद्दीनं पुरे केले, छातीवर बांधायची सिग्नलची यंत्रं मागवली आणि शुक्रवारी सकाळी बापलेकीला घेऊन वाळूच्या टेकड्या गाठल्या.

एक यंत्र जुन्या डब्यात घालून मी पुरायची. दुसऱ्याच्या बीपवर तिनं ते शोधायचं, लांब काठीनं टोचून बघायचं आणि खणायचं. "मॉम, धिस इज सँड," ती कुरकुरायची. "बर्फाखालचा माणूस तुझं रडगाणं ऐकणारे का? खण!" हळूहळू पोरगी पटाईत झाली. माझं मात्र समाधान होईना. गाडलेल्याला शोधणं हा शेवटचा उपाय. मुळात गाडलंच जायचं नाही, हे कसं शिकवायचं?

मग एकदा जोराचा शमाल सुटला. उत्तरेकडचा तो वारा माथ्यावरची वाळू उचलून पलीकडच्या उतारावर टाकत होता, आणि तो उभा उतार जागोजाग घसरत होता. तिला तिथे नेऊन दाखवलं. "बर्फाचंही असंच. वादळात वारा आडोशाच्या अंगाला बर्फ साठवतो. दिसतो छान गुळगुळीत, पण बसलेला नसतो. तू पाय टाकलास की अख्खा थर सुटेल."

तेवढ्यात माथ्यावरून नवरा ओरडला, "यल्ला, इथूनच उतरू!"

"हा बर्फ आहे असं समज. काय करायचं?" मी लेकीला विचारलं. तिनं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लेट्स सी."

माझं डोकंच फिरलं. "झालं! मेलीस तू! कळतंय सगळं, आणि तोंड उघडत नाही!"

तिथेच नियम केला. एकानं ‘खलास’, म्हणजे इथल्या अरबीत ‘बस्स, पुरे’, म्हटलं की सगळ्यांनी मागे फिरायचं. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही. "म्हण." ती पुटपुटली. "जोरात! वाऱ्यात ऐकू गेलं पाहिजे." तोंडात वाळू गेली तरी सोडलं नाही तिला. शेवटी अशी किंचाळली, की नवरा हसायचा थांबला आणि चढला होता त्याच वाटेनं गुपचूप खाली आला.

ती गेली. हिवाळ्यात तिकडे मोठं वादळ झालं, आणि त्याच्या मागोमाग तिचा मेसेज आला, उद्या डोंगरात जातोय. मी लांबलचक लिहिलं, पुसलं, आणि आठवण म्हणून तो एकच शब्द पाठवला, खलास. दुसऱ्या दिवशी तिचा फोन लागेना. मेथी निवडायला घेतली, तर काड्या भांड्यात आणि पानं कचऱ्यात.

संध्याकाळी फोन आला. आवाज रडवेला. वाऱ्यानं भरलेला उतार होता, सगळ्यांना पुढे जायचं होतं. ही म्हणाली, खलास. कुणाला शब्द कळेना, तर पुन्हा ओरडली. फिरले सगळे, पण आता कुणी हिच्याशी धड बोलत नाहीये.

"आणि तो उतार?"

"नथिंग हॅपन्ड," ती म्हणाली. मग कधी नव्हे ते मराठीत, "आई, काहीच झालं नाही गं. उगाच परत आणलं मी सगळ्यांना."

"बाई माझे," मी म्हटलं, "काहीच होऊ नये म्हणूनच तर वाळू खणली आपण."