तालमीसमोरची हंबर

मी बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या घरातच काय, गल्लीतही आधी कुणी पदवीधर नव्हतं. आबा मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा उचलायचे. त्यांनी माझ्या पदवीची बातमी अशी पसरवली, की औषधाच्या बाटलीपासून पंख्याच्या खोक्यापर्यंत इंग्रजीतलं सगळं वाचायला माझ्याकडं येऊ लागलं.

एका संध्याकाळी तालमीसमोर एक लांबलचक काळी मोटार उभी राहिली. पुढं चार दिवे, आत चकचकीत लाकूड, कातडी गाद्या. जुनी, मोठी मोटार दिसली की ती राजवाड्याची, महाराज सरकारांचीच, हे आम्ही कोल्हापूरकर धरूनच चालतो. आबांनी पायताण काढून त्या रिकाम्या गाडीला वाकून मुजरा केला.

तालमीचे वस्ताद खो खो हसले. "अगा, ती सरकारांची कुठली? लग्नाच्या भाड्याची हाय!"

आबांचा चेहरा उतरला. "थांबा. आमचं पोरगं ग्रॅज्युएट हाय. त्यो सांगंल."

मला जेवणावरून उठवून आणलं. माझ्या शिक्षणापायी आबांनी पाठ झिजवली होती. आज चारचौघांत त्यांची लाज माझ्या हातात होती.

मी गाडीभोवती फिरलो, उकिडवा बसलो, चाकाची टोपी सदऱ्यानं पुसली. नाव दिसलं. कॉलेजच्या वाचनालयात जुन्या इंग्रजी मासिकात हिची जाहिरात पाहिली होती. तोंडी परीक्षेला उभं राहावं तसा उभा राहून मी म्हणालो, "हंबर. विलायती. साठ सालाच्या आसपासची."

"आरं, कंपनी कोण इचारतंय?" वस्ताद ओरडले. "गाडी कुणाची ते सांग की! तेवढं शिकीवलं न्हाय व्हय कॉलेजात?"

मागच्या गादीवर सूत गुंडाळलेले पुठ्ठ्याचे कोन रचलेले मी मघाच पाहिले होते. सरकार कशाला सूत वाहतील? पण आबा शेजारीच अनवाणी उभे होते. मी पुन्हा चाकाची टोपी पुसू लागलो.

तेवढ्यात समोरच्या खाणावळीतून रश्श्याचा डबा घेऊन सफारीतले एक गृहस्थ आले. इचलकरंजीचे यंत्रमागवाले. आतला दिवा चालू राहून बॅटरी उतरली होती. "पावणं, जरा धक्का मारता का?"

सगळेच भिडलो. ढकलता ढकलता आबा खिडकीशी जाऊन म्हणाले, "आमच्या पोरानं वळखली बरं का तुमची गाडी! हंबर!"

"शाब्बास! वळखणारा पहिलाच भेटला," गृहस्थ खूश झाले. "न्हाईतर जाईल तिथं लोक सरकारांची समजून मुजरं करत्यात."

"काय एकेक खुळी असत्यात," आबा म्हणाले.

मी धसकून वस्तादांकडं पाहिलं. गल्लीत कुणाची चूक कधी न सोडणारा माणूस. त्यांनी तोंड उघडलं, आबांच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, आणि मान खाली घालून गाडीला खांदा लावला.